सुई कुठं टोचायची नाही

माझ्या हातातली सुई पाहिली की नवा पेशंट हमखास विचारतो, "यात औषध कुठाय?"

औषध नसतंच. इंजेक्शनची सुई पोकळ असते. ही भरीव, पोलादाची, आणि इतकी बारीक की चांगल्या उजेडातसुद्धा नीट दिसायला वेळ लागतो. स्नायूत जाते, काही मिनिटं राहते, बाहेर येते आणि डब्यात जाते. दुसऱ्यांदा वापरायची नाही. आत ती काहीही सोडत नाही. मग पेशंटचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग फायदा कशाचा?"

याचं उत्तर मी गेली कित्येक वर्षं देत आले आहे, तरी ते दर वेळी जरा वेगळं होतं. फार दिवस दुखणाऱ्या स्नायूत दोरीला पडावी तशी गाठ पडते. बोटानं दाबली की माणूस कळवळतो आणि म्हणतो, "हां, हीच ती जागा." सुई नेमकी त्या गाठीत गेली की स्नायू एकदा फडफडतो, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा, आणि मग सैल पडतो. शिवाय चिनी अ‍ॅक्युपंक्चरचे जुने बिंदू आहेत. तेही आम्ही वापरतो. हे सगळं आत नेमकं कसं घडतं ते अजून कुणाला पुरतं उलगडलेलं नाही, आणि मी पेशंटला तसं सरळ सांगते. दुखणं काही काळ उतरतं, एवढं मात्र मी हजार वेळा पाहिलंय. त्या काही काळात व्यायाम करून घ्यायचा. माणूस बरा होतो तो व्यायामानं. सुई त्याला व्यायामाला उभं करते, बस्स.

मी मूळची लोहाऱ्याची, मास्तरांची मुलगी. फिजिओथेरपी शिकून धाराशिवात दोन खोल्यांचा दवाखाना टाकला तेव्हा लोक मला "शेकवाली बाई" म्हणायचे. सुया मी शिकले चाळिशीत, पुण्याला. तिथं शिकणारे एकमेकांनाच टोचतात. मी मांड्या काळ्यानिळ्या करून घरी परतले तेव्हा नवरा म्हणाला, "कोर्सला गेली होतीस का भांडणाला?"

पहिली सुई टोचली ती एका हवालदाराच्या मानेत. माणूस दारातून वाकून आत येणारा, मिशा पिळलेल्या. खुर्चीत बसवून टोचली. सुई पुरती आत गेलीही नव्हती, तोवर हवालदारसाहेब डोळे पांढरे करून माझ्या अंगावर कलंडले. मी आणि माझी मदतनीस रुक्मिणबाई, दोघींनी मिळून त्यांना कसंबसं जमिनीवर निजवलं. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "बाई, ठाण्यात कुणाला सांगू नका." मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात पेशंटला झोपवल्याशिवाय सुई निघत नाही.

माझं नाव झालं ते खरं तर मारुतीआबांमुळं.

आबा येडशीजवळच्या डोंगराकडच्या वस्तीवरचे. साठीतले, काटक, खांद्यावर घोंगडी. जवळ साठ मेंढरं. वर्षातून दोनदा त्यांची लोकर कातरायची, त्याला ते भादरणं म्हणतात. कातर हातानं दाबायची, एका मेंढराला शेकडो वेळा. आबांच्या उजव्या कोपराला सहा महिने कळ होती, आणि कातर दाबली की ती मनगटापर्यंत जायची.

"चहाचा कप उचलंना झालाय," ते म्हणाले. "भादरायला बाहेरची माणसं बोलावली, तर त्यांनी निम्म्या मेंढरांची कातडी कापली. जखमात किडे पडले. माझं मेंढरू दुसऱ्याच्या हाताला न्हाय राहत, बाई."

मी बाही वर केली. कोपराभोवती चार गोल वण होते, जळाल्याचे.

"हे काय, आबा?"

"डाग दिलेत. दोन बारीला. डागल्यालं बरं झालं, दुखणं हाय तिथंच."

आमच्या भागात तापलेली सळई टेकवून दुखण्यावर डाग देतात. शिकल्यासवरल्यांच्या अंगावरही मी ते पाहिलेत. आबांना टेबलावर झोपवलं, कोपराखालच्या स्नायूत गाठ शोधली आणि सुई घातली. स्नायू फडफडला. आबांनी मान उचलून हाताकडं पाहिलं.

"तुमी बी डागच देताव की," ते म्हणाले. "निस्ता बारीक."

सुया काढल्यावर मी माझा हात पुढं केला आणि म्हटलं, "दाबा." आबांनी भीत भीत दाबला. मग जरा जोरात. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की त्यांनी सगळी ताकद लावली, आणि किंचाळले मी.

लढाई पुढंच होती. दुसऱ्या दिवशी दुखणं थोडं परतलं, आणि आबा म्हणाले, "अजून टोचा." मी म्हटलं, आधी व्यायाम. पाण्यानं भरलेली बाटली हातात धरायची, डाव्या हातानं मनगट वर न्यायचं आणि उजव्यानं हळूहळू खाली सोडायचं. रोज.

"व्यायाम तर मेंढरामागं हुतोच की रोज."

"तो पायांचा झाला, आबा. बाटली नाही तर सुई नाही."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्या कळपातली आडमुठी मेंढी. पण दोन महिने ते दर आठवड्याला आले आणि बाटली त्यांनी चुकवली नाही. मग एक दिवस मोठं गाठोडं घेऊन आत शिरले आणि ते माझ्या टेबलावर आपटलं. काळी, ओशट, ताजी लोकर.

"चार दिसात समदी भादरली. एकट्यानं. एका मेंढराला वरखडा न्हाय." आणि मग बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांकडं वळून, "ही बाई सोडू नगा रं!"

दवाखान्याला आठ दिवस मेंढरांचा वास येत होता. मी एकदाही कुरकुरले नाही.

त्यानंतर मी "सुईवाली बाई" झाले. अणदूरहून लोक यायला लागले, लोहाऱ्याहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून माझ्या माहेरचे यायला लागले. मान, खांदा, टाच, गुडघा. एकीनं दहावीतल्या मुलीला आणलं, अभ्यास लक्षात राहायची सुई टोचा म्हणून. एकानं म्हशीसाठी विचारलं. मी हसायचे, पण मला ते आवडत होतं हेही खरं. शेक देणाऱ्या बाईला कुणी गाठोडं आणून देत नाही.

कौतुक असं अंगावर येत असताना मला एक बाई आठवायची. सुया शिकण्याच्या खूप आधीची गोष्ट. कंबरदुखीची पेशंट होती. मी तिला दहा दिवस शेक दिला, मशीन लावलं, पट्टा दिला. एक गोष्ट विचारायची राहिली, कारण मला संकोच वाटला आणि तिलाही वाटला असता. अकराव्या दिवशी ती आली नाही. काही महिन्यांनी कळलं की तिच्या कमरेतली गादी सरकून खालच्या सगळ्या नसा दबल्या होत्या. उशीर झाला होता. ती पुन्हा आधाराशिवाय चालली नाही. कुणी मला दोष दिला नाही. तिनंसुद्धा नाही. पण मी त्यानंतर कंबरदुखीच्या एकाही पेशंटला तो प्रश्न विचारल्याशिवाय सोडलं नाही, मग तो सरपंच असो की नवी नवरी.

आबांचा हात बरा होऊन दीड-दोन वर्षं झाली असतील. एका सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच ते पायरीवर बसलेले. शेजारी त्यांची सून सुनीता, अठ्ठावीस-तीस वर्षांची, भिंतीला टेकून उभी. बसत नव्हती. आबांचा मुलगा पुण्याकडं कंपनीत, त्यामुळं घर, मेंढरं आणि म्हातारा सासरा हे सगळं सुनीताच बघायची.

"कडब्याची पेंढी उचलताना कंबरंत लचकली," आबा म्हणाले. "धा-बारा दिस झालं. डाव्या पायात कळ उतरायची. पर परवापासनं कळ कमी हाय. पाय निस्ता बधीर झालाय. आता तुमी दोन सुया मारल्या की झालं."

कळ कमी झाली म्हणून त्यांना बरं वाटत होतं. मला मात्र ते लक्षण चांगलं वाटलं नाही. दुखणारी नस अचानक गप्प होते तेव्हा ती नेहमी बरी झालेली असतेच असं नाही. कधी कधी ती मरायला लागलेली असते.

सुनीताला टेबलावर घेतलं. डावा पाय घोट्यापासून वर उचलता येत नव्हता. अंगठा हलत नव्हता. उजव्या पायाच्या टाचेलाही कमी कळत होतं. मी आबांना म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर बसा."

"का वो?"

"बसा."

दार लावलं. सुनीताच्या उशाशी स्टूल ओढून बसले.

"सुनीता, एक विचारते, लाजू नकोस. लघवीला लागलेलं कळतं का?"

 मग तिच्या डोळ्यांच्या कडेतून पाणी कानाकडं ओघळलं.

"काल सकाळपासनं झालीच न्हाय," ती हळूच म्हणाली. "आन बसली की खाली काईच कळत न्हाय. जणू माझं अंगच न्हाय ते."

"घरी सांगितलंस?"

"कुणाला सांगू? घरात मामाच हायत."

मामा म्हणजे सासरे.

मी बाहेर आले. आबांना म्हटलं, "सुई टोचायची नाही. हिला आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्यायचं. ऑपरेशन लागेल, बहुतेक आजच."

आबा उठून उभे राहिले. "आपरेशन? कमरंचं? बाई, कमरंचं आपरेशन झाल्यालं माणूस उठल्यालं बगितलंय का तुमी? आमच्या वस्तीवर एक हाय, पडूनच हाय. माझ्या हाताला टोचलंव तसं हिला टोचा की. बाटली म्या कदी चुकवली का? ही बी न्हाय चुकवणार."

"तुमच्या हातात स्नायूची गाठ होती, आबा. हिच्या मणक्यातली गादी नसांवर बसलीय. तिथं माझी सुई पोचत नाही. मी टोचत बसले तर दोन दिवस जातील आणि मग हिचे पाय कायमचे जातील."

"पोराला फोन लावतो." लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. आबा फोन कानाला धरून माझ्याकडं बघत होते. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाकावर आता दोन-तीन पेशंट येऊन बसले होते. त्यातला एकजण म्हणाला, "सुईवाली बाईच न्हाय म्हंती म्हंजी कायतरी असंलच." दुसरा म्हणाला, "आदी तुळजापूरला एक जण हाय, मणके बसिवतो, त्याला दावा."

मी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प झाला.

तेवढ्यात आतून आवाज आला. सुनीता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. डोक्यावरचा पदर तसाच, पण नजर सरळ सासऱ्यांवर.

"मामा, मला सोलापूरला जायचंय. मला लघवी हुईना झालीय. कालपासनं. आता सांगितलं बगा तुमाला."

सासऱ्यासमोर ती इतकी वर्षं मान वर करून बोलली नसेल. भरल्या ओसरीत, परक्या माणसांदेखत, तिनं ते सांगितलं. आबांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्यांनी फोन खिशात टाकला.

"गाडी बगा, बाई," ते म्हणाले.

रुक्मिणबाईनं दवाखाना सांभाळला. ओळखीच्या एकाची गाडी मिळाली. मागच्या सीटवर सुनीताला आडवं घेतलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. आबा पुढं. वाटेत मी सोलापूरच्या एका मणक्याच्या सर्जनला फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाले, "थेट या, मी थिएटर तयार ठेवतो." आबा सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलले. तुळजापूर मागं पडताना देवीच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाले, "पोरीनं सांगायचं तरी कुणाला, खरंय."

संध्याकाळी ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि मला म्हणाले, "वेळेवर आणलंत. पण किती परत येईल ते आता सांगता येणार नाही. नसा त्यांच्या वेळेनं येतात."

लघवी काही आठवड्यांनी आपली आपण व्हायला लागली. नळी निघाली त्या दिवशी सुनीतानं मला फोन करून ते सांगितलं, आणि वर्गात पहिली आल्याची बातमी सांगावी तसं सांगितलं. पाय मात्र हट्टाला पेटला होता. टाके सुकल्यावर ती आठवड्यातून दोनदा माझ्याकडं यायला लागली, आबांच्या आधारानं. पाऊल लटकं पडायचं. बाकावरच्या पेशंटांना वाटायचं, आता बाई सुया मारणार. मी कितीतरी दिवस एकही मारली नाही. बधीर जागी सुई घालायची नसते, कारण पेशंट आपल्याला काहीच सांगू शकत नाही. पाय उचलायचा प्रयत्न करायचा, न उचलला तर मी हातानं उचलायचा, पुन्हा प्रयत्न. शेकडो वेळा. मेंढरू भादरल्यासारखंच.

पुढं मांडीच्या मागचे आणि कुल्ल्याचे स्नायू इतके आखडले की तिला पाऊल पुढं टाकवेना. तिथं कळत होतं. तेव्हा मी सुया हातात घेतल्या. गाठी सुटल्या, पाय लांब पडू लागला, आणि आम्ही तेवढ्या वेळात चालणं उरकून घ्यायचो.

दर सोमवारी मात्र मी आणखी एक काम करायचे. तपासायची एक पिन असते, बोचते पण कातडीत शिरत नाही. डोळे मिटायला सांगून ती पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं खाली खाली टेकवत जायचं आणि विचारायचं, "टोचतंय?" जिथं टोचणं थांबतं तिथं मी पेननं रेघ मारायचे. आयुष्यभर मी माणसांना "अजिबात टोचणार नाही" असं सांगत आलेय. हिच्या बाबतीत मी देवाला विनवत होते की टोचू दे. रेघ दोन-दोन बोटं खाली सरकायची. काही सोमवारी सरकायचीच नाही, आणि त्या दिवशी सुनीता लगेच चप्पल शोधायची.

एका सोमवारी घोट्याच्या खाली आले. तळपायाच्या कडेवर पिन टेकवली. काही नाही. करंगळीजवळ टेकवली.

"अगं आई!" सुनीता ओरडली. डोळे उघडून उठून बसली. "टोचलं, बाई! टोचलं!"

"नक्की?"

"परत टोचा!"

परत टोचली. ती परत ओरडली, आणि मग हसता हसता रडायला लागली. आबा बाहेरून धावत आत आले. त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. "काय झालं? काय केलं?"

"मामा, टोचायलंय मला!"

आबांनी माझ्या हातातली पिन घेतली, निरखून पाहिली आणि म्हणाले, "डाग लागू पडला म्हणायचा." आणि डोक्यावरची टोपी काढून डोळ्यांना लावली.

अंगठा त्यानंतर हलायला बराच काळ लागला, पण हलला. आज तो उजव्याइतका बळकट नाही, आणि खूप चाललं की पाऊल थोडं दमतं. मी हे मुद्दाम लिहिते, कारण यशाच्या गोष्टी सांगताना आम्ही लोक शेवटची पायरी गाळतो. पण बाकी सगळं तिचं तिला परत मिळालं.

लोक अजूनही सुईसाठीच येतात. व्यायाम सांगितला की तोंड वाकडं करतात, तीन दिवस करतात, सोडतात, परत येतात. याचं मला वाईट वाटतं. पण कंबर धरून कुणी आलं की मी दार लावते, स्टूल ओढते आणि तो प्रश्न विचारते, आणि आता माझा आवाज जराही अडखळत नाही.

गेल्या हिवाळ्यात बार्शीकडून भाड्याच्या गाडीनं येत होते. येडशीच्या पुढं ड्रायव्हरनं ब्रेक लावला. रस्त्यावर मेंढरं. एक संपत नव्हतं तोवर दुसरं. मागं ट्रक, एसटी, सगळे हॉर्न वाजवायला लागले. कळपाच्या शेपटाला काठी घेऊन एक बाई होती. दोन मेंढ्या उलट्या फिरून गाड्यांकडं पळाल्या, तशी तिनं पदर कमरेला खोचला, "हुर्र्र" अशी आरोळी ठोकली आणि डांबरी रस्त्यावरून वाऱ्यासारखी त्यांच्यामागं सुटली. चरावरून उडी मारली. मेंढ्या वळवल्या. सुनीता होती.

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मी काच खाली करून अर्धी बाहेर डोकावत होते.

"वळखीची हाय का, मॅडम?"

"माझी पेशंट."

त्यानं पुन्हा एकदा त्या पळणाऱ्या बाईकडं पाहिलं. "हिला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू हॉर्न वाजवू नको. जाऊ दे तिला आधी."